सीआरपी ४, पण बाळ आजारी: २९ आठवड्यांच्या एका मुलीचं प्रकरण

नवजात अतिदक्षता विभागात रोज मागवल्या जाणाऱ्या तपासण्यांमध्ये सीआरपीचा, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन या जंतुसंसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा, नंबर फार वरचा. बाळाने दूध टाकलं, सीआरपी पाठवा. बाळ पिवळं दिसतंय, सीआरपी पाठवा. उद्या रजा द्यायचीय, जाता जाता सीआरपी बघून घ्या. या तपासणीवर माझा राग नाही. ती भलत्या वेळी आणि भलत्या प्रश्नासाठी केली जाते, त्यावर आहे. कमी दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्गाचं औषध सुरू करायचं की नाही, हे सीआरपीला विचारू नये. बंद कधी करायचं, हे मात्र जरूर विचारावं. या मुलीच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न आठ-दहा दिवसांच्या अंतराने समोर आले, म्हणून तिचं प्रकरण सविस्तर मांडतोय. आईवडिलांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वऱ्हाडातलं जिल्ह्याचं गाव. आई पहिलटकरीण, दिवस २९ आठवड्यांचे. पाणी जाऊन ३० तास झाले होते. ताप नव्हता. बाळाच्या फुफ्फुसांसाठी द्यायच्या डेक्सामेथासोनच्या चारही सुया प्रसूतीआधी देऊन झाल्या होत्या, आणि हे भाग्य आमच्याकडे येणाऱ्या सगळ्याच बाळांच्या वाट्याला येत नाही. मुलगी झाली, वजन १,१४० ग्रॅम. रडली, पण बरगड्या आत ओढून श्वास घेत होती. तिला सीपॅपवर, म्हणजे नाकातून हवेचा हलका दाब देणाऱ्या यंत्रावर, ठेवलं.

पहिले तीन दिवस

अपुऱ्या दिवसांत पाणी गेलं आणि मधे इतके तास गेले, की गर्भाशयातूनच जंतू आले असतील असं धरून चालावं लागतं. जन्मल्याबरोबर रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) घेतलं आणि अँपिसिलिन-जेंटामायसिन ही प्रतिजैविकं सुरू केली. जन्मतःच सीआरपी मात्र पाठवला नाही. आईच्या रक्तातला सीआरपी वार ओलांडून बाळात फारसा येत नाही, आणि बाळाच्या यकृताला तो बनवायला काही तास लागतात. पहिल्या तासातला आकडा जवळजवळ नेहमी कमीच येतो आणि त्यावरून धीर धरणं धोक्याचं ठरतं.

२४ तासांनी आमच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरने सीआरपीसोबत बाहेरच्या लॅबचं ‘सेप्सिस पॅनल’ पाठवलं; सेप्सिस म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. त्यात प्रोकॅल्सिटोनिन होतं, जंतुसंसर्गात वाढणारं आणखी एक प्रथिन. रिपोर्ट आला: ९.२, लाल ठळक अक्षरात, आणि शेजारी ‘०.५ पेक्षा कमी असावे’ अशी ओळ. वडिलांनी तो मोबाइलवर उघडला आणि धावत वर आले. “साहेब, हे तर वीस पट आहे.”

तो ०.५ मोठ्या माणसांचा. नवजात बाळाचं प्रोकॅल्सिटोनिन जन्मानंतर आपोआप चढतं, २४ तासांच्या सुमारास शिखर गाठतं आणि पुढच्या दोन दिवसांत उतरतं. जंतूंचा मागमूस नसलेल्या बाळातही ते १०च्या घरात जाऊ शकतं. म्हणजे नेमक्या ज्या वेळी हा नमुना घेतला, त्या वेळी हा आकडा काहीच सांगत नव्हता. बाळाच्या वयानुसार तासागणिक बदलणारे तक्ते उपलब्ध आहेत, पण लॅबच्या छापील रिपोर्टवर ते येत नाहीत. कॉम्प्युटरला फक्त मर्यादा ओलांडली एवढंच कळतं, आणि तो लाल करतो.

प्रोकॅल्सिटोनिनच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ‘निओपिन्स’ या चाचणीतून आला. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेक प्रजासत्ताकातली १८ रुग्णालयं, १,७१० बाळं, निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये. प्रोकॅल्सिटोनिन बघून औषध बंद केलेल्या गटात प्रतिजैविकांचा कालावधी सरासरी ६५ तासांवरून ५५ तासांवर आला. पण ती बाळं ३४ आठवडे किंवा त्याहून जास्त दिवसांची होती. ते निष्कर्ष उचलून २९ आठवड्यांच्या बाळाला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. शिवाय तिथेही हा मार्कर, म्हणजे रक्तातली खूण, औषध थांबवण्यासाठी वापरला होता, सुरू करण्यासाठी नव्हे. हा मुद्दा पॅनल विकणारे सांगत नाहीत.

मुलीचा सीआरपी २४ तासांना लिटरमागे ३ मिलिग्रॅम, ४८ तासांना २. कल्चरमध्ये ४८ तासांत काहीही उगवलं नाही. श्वास सुधारत होता, रंग चांगला होता, लघवी होत होती. औषध बंद केलं.

इथे सीआरपीचा मला पुरेपूर उपयोग झाला. १९९८ साली बेनिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की लक्षणं तपासायला घेतल्यानंतर २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन सीआरपी कमी आले तर सेप्सिस नसण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या आसपास जाते. एक सीआरपी नव्हे, दोन. आणि पहिला लक्षणांनंतर पुरेसा वेळ जाऊ देऊन. ‘असू दे आणखी पाच दिवस, बाळ नाजूक आहे’ हा सल्ला ऐकायला प्रेमळ वाटतो, पण त्याची किंमत बाळ चुकवतं. २००९ साली अमेरिकेतल्या नवजात संशोधन जाळ्याने १,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ४,००० हून अधिक बाळांची माहिती तपासली. कल्चर निर्जंतुक असूनही पहिलं औषध पाच दिवस किंवा जास्त चाललेल्या बाळांमध्ये आतडं सडण्याचा आजार आणि मृत्यू जास्त आढळले. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झाला असं नाही. तरी मला थांबण्यासाठी तेवढं पुरे आहे.

आणखी एक हिशेब इथेच मांडतो. १,१४० ग्रॅमच्या या मुलीच्या अंगात सगळं मिळून साधारण १०० मिलिलिटर रक्त होतं. त्या पॅनलसाठी २ मिलिलिटर गेलं. मोठ्या माणसाचं त्याच प्रमाणात काढायचं तर १०० मिलिलिटर काढावं लागेल, एका निरुपयोगी रिपोर्टसाठी. अशी चार-पाच पॅनल झाली की रक्त चढवायची वेळ येते, आणि मग आपणच लिहितो, ‘अपुऱ्या दिवसांमुळे रक्तक्षय’.

अकराव्या दिवसाची रात्र

दहाव्या दिवशी शिरेतली लांब नळी काढली. पोटात टाकलेल्या नळीतून आईचं दूध दर दोन तासांना चालू होतं, सीपॅप सुटला होता, आई दिवसातून दोन-तीनदा छातीशी घेऊन, म्हणजे ‘कांगारू’ करून, बसत होती. सगळं सुरळीत.

अकराव्या दिवशी रात्री साडेनऊला कांगारू करून बाळ परत ठेवताना आई सिस्टरला म्हणाली, “काल माह्यं बोट घट धरे जी, आज हातच सैल पडला.” सिस्टरने ते चार्टवर लिहून ठेवलं: आईच्या मते बाळ सुस्त. तापमान नीट, ऑक्सिजन नीट. साडेदहाला श्वास विसरण्याचा पहिला प्रसंग, तळव्याला टिचकी मारल्यावर सुरू झाला. साडेबारानंतर आणखी दोन. त्यातल्या एकात नाडी ८८ पर्यंत खाली. पावणेतीनच्या दुधाआधी नळी ओढून पाहिली तर आधीच्या २० मिलिलिटरपैकी ६ मिलिलिटर दूध तसंच परत आलं.

मी पोचलो तेव्हा पोट किंचित फुगलेलं, मऊ. अंग कोमट पण पावलं गार. छातीवर बोट दाबून सोडलं तर रंग परत यायला ४ सेकंद लागत होते. रक्तातली साखर १६२, जी आदल्या दिवशी ९० च्या आत होती. त्वचेला मेणासारखी कळा आलेली. यातलं एकेक लक्षण घ्या, प्रत्येकाला निरुपद्रवी कारण सापडेल. २९ आठवड्यांची बाळं श्वास विसरतातच. दूध राहतंच. पावलं गार पडतातच. पण चार तासांत या सगळ्या गोष्टी एकदम, आणि काल नसलेल्या.

रक्त घेतलं. आधी कल्चर, पूर्ण १ मिलिलिटर, कारण अर्ध्या मिलिलिटरच्या कल्चरमधून थोडे असलेले जंतू सुटतात. मग उरलेलं सेप्सिस स्क्रीनसाठी.

आपल्याकडचं हे स्क्रीन पाच गोष्टींचं. पांढऱ्या पेशी ५,००० च्या खाली. न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या बाळाच्या वयासाठी कमी. त्यातल्या कच्च्या पेशींचं एकूण न्यूट्रोफिलशी प्रमाण ०.२ च्या वर. केशनळीत केलेला मायक्रो-ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) पहिल्या तासाला १५ मिलिमीटरच्या वर. आणि सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर. दोन किंवा जास्त बिघडले तर स्क्रीन पॉझिटिव्ह. न्यूट्रोफिलसाठी पूर्ण दिवसांच्या बाळाला मॅनरो यांचा १९७९ चा तक्ता, फार कमी वजनाच्या बाळाला मौझिन्यो यांचा १९९४ चा. हे दोन तक्ते अजूनही कित्येक विभागांत भिंतीला चिकटवलेले असतात, आणि बरेचदा चुकीचाच वापरला जातो, कारण मॅनरोचा वरच्या बाजूला लावलेला असतो.

पहाटे साडेतीनचा रिपोर्ट: पांढऱ्या पेशी ९,८००. न्यूट्रोफिल ठीक. कच्च्या पेशींचं प्रमाण ०.१८. मायक्रो-ईएसआर ८. प्लेटलेट १ लाख ७२ हजार. सीआरपी ४.

पाचपैकी शून्य. स्क्रीन निगेटिव्ह.

ज्युनिअर डॉक्टरने विचारलं, “सर, मग वाट बघू या का? सहा तासांनी परत पाठवतो.” मी औषध सुरू करायला सांगितलं आणि ते पहाटे पावणेचारला शिरेतून गेलं. दूध थांबवलं, सलाइन लावलं, श्वासासाठी पुन्हा सीपॅप.

सीआरपी तेव्हा ४ का होता

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. ते न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला चिकटत होतं, त्यावरून हे नाव. इतक्या वर्षांत त्याची चाल चांगली कळलेली आहे. जंतू रक्तात आले की पहारेकरी पेशी त्यांना ओळखतात आणि इंटरल्यूकिन-६ सारखे संदेश सोडतात. हे तास-दोन तासांत होतं. तो संदेश यकृतापर्यंत पोचतो, यकृत सीआरपी बनवायला घेतं. रक्तात तो मोजण्याइतका वाढायला ६ ते १२ तास, शिखर गाठायला ३६ ते ४८ तास. त्यात कमी दिवसांच्या बाळाचं यकृत आधीच आळशी, त्यामुळे त्याचा प्रतिसाद उशिराचा आणि तोकडा.

आता घड्याळ लावा. पहिला श्वास साडेदहाला चुकला, रक्त तीनला घेतलं. साडेचार तास. यकृताने कामाला हात घातला असेल-नसेल. सीआरपी ४ याचा अर्थ ‘संसर्ग नाही’ असा नव्हता. ‘अजून लवकर आहे’ एवढाच होता.

मग लवकर चढणारा मार्कर का वापरू नये? इंटरल्यूकिन-६ त्या वेळी बहुधा चढलेलं असतं. कोविडच्या लाटेत हे नाव घरोघरी पोचलं आणि मोठ्या शहरांच्या लॅबमध्ये ते सर्रास होऊ लागलं. पण आमच्या गावातून नमुना सकाळच्या गाडीने जातो आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. ज्या तपासणीची सगळी मातब्बरी काही तास आधी सांगण्यात आहे, तिचा निकाल २४ तासांनी हातात घेऊन करायचं काय? शिवाय ते जितक्या वेगाने चढतं तितक्याच वेगाने उतरतं, एका दिवसात पूर्वपदावर. नमुना उशिरा घेतला तर खोटा दिलासा. न्यूट्रोफिलवरचं सीडी६४ हे प्रथिन बऱ्याच अभ्यासांत चांगलं दिसतं, पण त्याला फ्लो सायटोमीटर हे पेशी तपासणारं यंत्र लागतं आणि रात्री तीनला ते चालवणारा माणूस. प्रेसेप्सिन हा आणखी एक मार्कर २००४ साली जपानमध्ये सापडला. नवजात बाळातले त्याचे आकडे आश्वासक आहेत, अभ्यास मात्र लहान लहान.

या मार्करांवरचे निबंध वाचताना मी आधी एकच गोष्ट बघतो: त्यांनी आजारी कोणाला म्हटलं? कल्चर पॉझिटिव्ह आलेल्या बाळांनाच म्हटलं, तर कल्चरमधून सुटलेली खरी आजारी बाळं ‘निरोगी’ गटात जाऊन बसतात. ‘डॉक्टरांच्या मते सेप्सिस’ असं म्हटलं, तर डॉक्टरांचं ते मत बहुतेकदा सीआरपी बघूनच झालेलं असतं, म्हणजे परीक्षार्थीच परीक्षक. आणि काही निबंधांत तर गंभीर सेप्सिसची बाळं एका बाजूला, ठणठणीत बाळं दुसऱ्या बाजूला. असा फरक तर आमच्या मावशीही दारातून सांगतील. अडचण मधल्या बाळांची असते, ज्यांना काहीतरी होतंय पण काय ते कळत नाही.

या सगळ्या चाळण्या लावून कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१९ साली उशिरा होणाऱ्या संसर्गासाठी सीआरपीचा आढावा घेतला. २२ अभ्यास, २,२५५ बाळं, बहुतेक कमी दिवसांची. लक्षणं दिसल्यावर पहिल्या रक्तात केलेल्या सीआरपीने संसर्ग असलेल्या १०० बाळांपैकी ६२ पकडली, ३८ सोडली. संसर्ग नसलेल्या १०० पैकी २६ जणांना उगाच आजारी ठरवलं. ज्या तपासणीच्या भरवशावर पाचपैकी जवळजवळ दोन आजारी बाळं औषधाविना राहतात, तिला सुरुवातीचा निर्णय सोपवायचा नाही, हे त्यातून सरळ निघतं.

दुपार, आणि दोन लॅबचा घोळ

दुपारी तीनला दुसरं रक्त घेतलं. चारच्या सुमारास, म्हणजे तेरा तासांनी, कल्चरचं यंत्र वाजलं. बाटलीत ग्रॅम-निगेटिव्ह गटातले दंडाणू, म्हणजे दांडीच्या आकाराचे जंतू. पुढे त्याचं नाव आलं क्लेब्सिएला. साडेचारला बाकी रिपोर्ट: प्लेटलेट ६४,०००, कच्च्या पेशींचं प्रमाण ०.३२, सीआरपी ४६.

वडील पुन्हा मोबाइल घेऊन आले. यावेळी चेहरा पांढराफटक. “साहेब, सकाळी ०.४ होतं. आता ४६. बारा तासांत शंभर पट?” रात्रीचा नमुना एका लॅबने केला होता, ती डेसिलिटरमागे मिलिग्रॅम छापते. दिवसाची लॅब लिटरमागे. रात्रीचे ०.४ म्हणजेच लिटरमागे ४. वाढ अकरापट होती, शंभरपट नव्हे. घरच्यांचं सोडा, एका बाळाच्या रेफर-चिठ्ठीवर ‘सीआरपी १.८, नॉर्मल’ असं लिहून आलेलं मी पाहिलं आहे; ते डेसिलिटरमागचं होतं, म्हणजे १८. लहान गावांत अजून स्लाइडवर थेंब टाकून ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ सांगणारी पद्धतही आहे. तिच्यात चढ-उतार कळत नाही, आणि सीआरपीचा सगळा उपयोग चढ-उतारातच आहे.

औषध कोणतं द्यायचं, हे कुठलाच मार्कर सांगत नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांनी १३,५३० बाळांवर केलेला ‘डेनिस’ अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कल्चरमध्ये असिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेब्सिएला १७, ई. कोलाय १४. असिनेटोबॅक्टरमधले ८२ टक्के आणि क्लेब्सिएलामधले ५४ टक्के जंतू अनेक औषधांना दाद न देणारे. परदेशी पुस्तकांत पहिल्या पानावर असणारा ग्रूप-बी स्ट्रेप्टोकॉकस आपल्याकडे कोपऱ्यात. म्हणून पहाटेचं औषध आम्ही आमच्याच विभागाच्या गेल्या वर्षभराच्या कल्चर नोंदींवरून निवडलं होतं: पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि अमिकासिन. जंतूची औषध-संवेदनशीलता आली तेव्हा त्याने अमिकासिनला दाद दिली होती, पहिल्याला नाही. ते बदलून मेरोपेनेम केलं. पाठीतलं पाणी मुलगी सावरल्यावर तिसऱ्या दिवशी काढलं, मेंदूज्वर नव्हता.

बाळ सुधारतंय, आकडा वाढतोय

औषधाला दोन दिवस झाले. मुलगी डोळे उघडू लागली, पावलं गरम झाली, श्वास थांबणं बंद. आणि सीआरपी ११२. घरात खलबतं सुरू झाली. नागपूरला हलवायचं का? कोणीतरी नातेवाइकाने फोनवर सांगितलं होतं, ‘औषध लागू पडत नाहीये, आकडा बघा.’

वडील कापूस-तुरीचे शेतकरी. मी विचारलं, पैसेवारी कधी जाहीर होते? म्हणाले, “कापूस वेचून होते तवा.” म्हटलं, हा आकडा तसा आहे, उभ्या पिकाचा नाही, होऊन गेलेल्याचा. पीक बघायचं तर वावरात या. आणि त्यांना आत नेऊन बाळाच्या तळव्याला हात लावायला सांगितला. त्यांनी हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि नागपूरचा विषय मागे पडला.

यकृताने सीआरपी बनवणं थांबवलं तरी रक्तातला निम्मा व्हायला १९ तास लागतात. म्हणून शिखर नेहमी आजाराच्या मागून येतं. चौथ्या दिवशी ७१, मग ३०, आठव्या दिवशी ८, दहाव्या दिवशी ३. आकडे असे उतरत गेले तर औषध बरोबर बसलंय हे नक्की. तो ६०-७० वर अडून बसला असता तर मी गळू, हृदयाच्या झडपा, नळीच्या जागची गाठ, आतड्याचा आजार आणि बुरशी शोधायला निघालो असतो. प्लेटलेट ६४,००० वर असताना बुरशीची शंका मनात होतीच. पाचव्या दिवशी ते लाखाच्या वर गेल्यावर ती विरली.

रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जंतू सिद्ध झाल्यावर १० ते १४ दिवस औषध देण्याची रीत आहे. सीआरपी आठव्या दिवशीच १० च्या खाली आला म्हणून मी आठव्या दिवशी थांबलो नाही. सिद्ध क्लेब्सिएलाच्या बाबतीत तेवढं धाडस करावं इतका पुरावा मला दिसत नाही. पण १४ ही ओढले नाहीत. दुसरं कल्चर निर्जंतुक, पाठीतलं पाणी स्वच्छ, दोन सीआरपी कमी. दहाव्या दिवशी बंद.

साडेनऊची नोंद

या प्रकरणात सर्वांत लवकर चढलेला मार्कर रक्तात नव्हता. तो रात्री साडेनऊला चार्टवर लिहिलेला होता, पहिला श्वास थांबायच्या तासभर आधी. आमच्या भागात हे नवं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. रडणं बारीक होणं, दूध ओढणं कमी होणं, सुस्ती, अंग गार किंवा तापलेलं, पोट फुगणं, छाती आत ओढणं अशा लक्षणांपैकी दोन एकदम दिसली की सेप्सिस धरायचा आणि उपचार सुरू करायचा. रक्ताचा थेंबही न घेता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात सेप्सिस झालेल्या बाळांमधला मृत्युदर १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आल्याची नोंद आहे. ती बाळं बहुतेक पूर्ण दिवसांची किंवा थोडी कमी दिवसांची, घरी जन्मलेली. १,१०० ग्रॅमच्या बाळात लक्षणं इतकी ढोबळ नसतात आणि त्यांच्यावरून औषध सुरू केलं की संसर्ग नसलेली बरीच बाळंही त्यात ओढली जातात. ती ४८ तासांत बाहेर काढायला कल्चर आणि दुसरा सीआरपी लागतो. आमच्या विभागात आता सीआरपीच्या फॉर्मवर ‘पहिलं लक्षण किती वाजता’ अशी चौकट आहे. ती रिकामी असेल तर लॅबवाला फोन करतो, आणि रात्री तीनला तो फोन कोणालाच आवडत नाही.

मुलगी १,८०० ग्रॅमची होऊन घरी गेली. सहा आठवड्यांची लस आरोग्य केंद्रात झाली, त्या रात्री अंग कोमट लागलं. गावातल्या लॅबने सीआरपी केला: २२. वडिलांनी फोटो पाठवला, यावेळी खाली लिहिलं होतं, ‘लिटरमागे आहे, बघितलं.’ फोनवर निदान करत नाही, बाळ घेऊन या म्हटलं. आली तेव्हा ती आईच्या अंगावर जोरात पीत होती, पावलं गरम, श्वास नीट, तापमान ३७.६. लसीनंतर अशा बाळांत सीआरपी चढतो आणि काही दिवसांत उतरतो. तरी दोन महिन्यांच्या आतलं, एकदा क्लेब्सिएला होऊन गेलेलं बाळ. कल्चर घेतलं, दोन दिवस ठेवून घेतलं, दर दोन तासांना सिस्टरने हात लावून नोंद केली. प्रतिजैविक दिलं नाही. सीआरपीही परत केला नाही, कारण तो २२ चा ३० झाला असता तरी अशा दूध पिणाऱ्या बाळाला मी औषध लावलं नसतं.

कल्चर निर्जंतुक राहिलं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी तिसऱ्या आठवड्यापासून सुरूच आहे; सेप्सिस झालेल्या बाळांत तो बिघडण्याचा धोका जास्त, त्यामुळे पडदा पूर्ण पिकेपर्यंत ती चुकवायची नाही, असं वडिलांना लिहून दिलंय. दहा दिवस अमिकासिन गेलं असल्याने, ज्याने ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो, कानाची बेरा तपासणी (ऐकू येतं का ते बघणारी) पुढच्या भेटीला.